डोहाळे कुणाचे?

दोन महिन्यांपूर्वी नातीने व्हॉट्सॲपवर एका कागदाचा फोटो पाठवला. नात म्हणजे थोरल्या लेकीची मुलगी, पुण्यात असते. तेव्हा तिला पाचवा महिना होता. दवाखान्यात वजन, रक्तदाब वगैरे झाल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातात हा कागद दिला आणि म्हणाल्या, बाहेर बसून निवांत भर. त्यावर दहा प्रश्न. गेल्या सात दिवसांत हसू येतं का, पुढच्या दिवसांची ओढ वाटते का, काही बिनसलं की स्वतःलाच बोल लावता का, कारण नसताना धास्ती वाटते का, झोप, रडू... आणि शेवटचा प्रश्न स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करण्याविषयीचा. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण. परीक्षेत गुण जास्त मिळाले की आपण पेढे वाटतो, इथे उलटं. नातीला जास्त मिळाले. तेव्हापासून ती दर शनिवारी एका समुपदेशक बाईंकडे जाते.

फोटोखाली तिने लिहिलं होतं, "आजी, तुमच्या वेळी असं काही नव्हतं ना?"

मी "नव्हतं" असं टाइप केलं. मग खोडलं. तेहेतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, त्यामुळे 'नव्हतं' म्हणण्याआधी जरा शोधून बघावं अशी सवय लागलेली. गेले दोन महिने तेच करत होते, म्हणून इथे इतके दिवस शुकशुकाट होता. (नातीला विचारूनच लिहिते आहे. तिचं म्हणणं, लिही, नाव तेवढं घालू नकोस.)

सुरुवात शब्दापासून करते, ही मास्तरकीची खोड. 'डोहाळे' हा शब्द 'दोहद'वरून आला आणि दोहदाचा धागा आपल्या वैद्यकातल्या 'दौहृद'शी जोडतात. दौहृद म्हणजे दोन हृदयांची अवस्था. सुश्रुताचं म्हणणं असं की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय जागं होतं, बाई दोन हृदयांची होते, आणि तेव्हा तिच्या मनात जे येईल ते पुरवावं, नाहीतर गर्भात व्यंग राहतं. चरकाने तर गर्भ टिकवणाऱ्या गोष्टींत मनाच्या प्रसन्नतेला पहिला मान दिला आहे. इतक्या जुन्या काळी हे लिहून ठेवलेलं वाचलं की ऊर भरून येतो खरा. पण नीट वाचलं तर लक्षात येतं की इच्छा पुरवायची ती पोटातल्या जिवासाठी. बाई नुसती निरोप्या. तिच्या स्वतःच्या हृदयाला काय हवंय याची चौकशी त्यात फारशी नाही. सीतेचेच बघा ना. तिला डोहाळे लागले गंगाकाठचे आश्रम बघायचे. रामाने ते पुरवले आणि त्याच निमित्ताने तिला वनात सोडून दिलं. डोहाळे पुरवले गेले हे मात्र खरं! वर्गात हा भाग शिकवताना मुलं गप्प व्हायची आणि मुली माझ्याकडे बघायच्या. मी पुढचा धडा घ्यायची.

असो. आता आपल्या साताऱ्याकडे येते.

सावित्रीबाई फुल्यांचं माहेर नायगाव, खंडाळा तालुका, जिल्हा सातारा. जोतिरावांचं मूळ गाव कटगुण, खटाव तालुका, तेही साताऱ्यातच. म्हणजे दोघंही आपल्याच मातीतली, हे सांगायला मला नेहमी आवडतं. सावित्रीबाईंनी जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रं मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयात १९८८ साली छापली गेली. त्यातलं एक २९ ऑगस्ट १८६८चं, नायगावहून लिहिलेलं. शाळेत असताना मी ते शिक्षकदिनाच्या भाषणासाठी वाचलं होतं आणि त्यातली समाजसुधारणा तेवढी उचलली होती. या वेळी वेगळ्या डोळ्यांनी वाचलं.

हकीकत अशी. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण पंचांग सांगत गावोगाव हिंडायचा. सारजा नावाच्या महार मुलीशी त्याचं प्रेम जुळलं. ती सहा महिन्यांची गरोदर आहे हे कळल्यावर गावकऱ्यांनी दोघांना धरलं, मारत मारत गावातून ओढत नेलं आणि जीवच घ्यायला निघाले. सावित्रीबाई धावत गेल्या. खून केलात तर इंग्रज सरकार काय करील याची भीती घातली, तेव्हा लोक मागे हटले. दोघांनी गाव सोडावं यावर तोड निघाली. इथवर आपण सगळे भाषणात सांगतो. पण पत्राच्या शेवटी एक बारीकशी गोष्ट आहे. जीव वाचल्यावर ती दोघं सावित्रीबाईंच्या पाया पडून रडायला लागली आणि त्यांनी कशीबशी दोघांची समजूत घातली. मग सावित्रीबाईंनी त्यांना जोतिरावांकडे पुण्याला धाडलं.

सहा महिन्यांची पोटुशी, अंगावर माराचे वळ, सगळा गाव आपल्या मरणाची वाट बघत होता हे डोळ्यांनी पाहिलेलं. त्या मुलीला आज कुणी ते दहा प्रश्न दिले असते तर? सावित्रीबाईंनी तिला उपदेश केला नाही. कशीबशी समजूत घातली आणि तिला सुरक्षित जागी पाठवलं. मला वाटतं, त्या दिवशी करण्यासारखं तेवढंच होतं, आणि तेच तिने केलं. (सावित्रीबाईंना 'तिने' म्हटलं, रागावू नका. माहेरची म्हणून.)

पुण्यातली ती जागा म्हणजे फुल्यांचं स्वतःचं घर. १८६३ साली तिथे त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं होतं. त्यामागची घटना जोतिरावांनी पुढे ४ डिसेंबर १८८४ला सरकारला पाठवलेल्या टिपणात सांगितली आहे. काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा गोवंड्यांच्या घरी स्वयंपाक करत होती. एका शास्त्रीबुवांपासून तिला दिवस गेले. त्यांनी हात वर केले. तिने बाळंत होऊन मूल मारलं आणि वाड्याच्या आडात टाकलं. खटला झाला, जन्मठेप होऊन तिची रवानगी अंदमानला झाली. शास्त्रीबुवांचं काय झालं हे विचारायला नको.

न्यायालयाने काय केलं ते विचारलं. नऊ महिने ती बाई काय भोगत होती, आणि मूल मारताना तिचं मन ठिकाणावर होतं का, हे कुणी विचारल्याचं दिसत नाही. इंग्लंडने १९२२ साली कायदा केला की नुकत्याच बाळंत झालेल्या आईने मनाचा तोल ढळून मूल मारलं तर तो साधा खून धरू नये. आपल्याकडे तसा वेगळा कायदा अजूनही नाही.

जोतिराव-सावित्रीबाईंनी मात्र ब्राह्मणवस्तीच्या गल्लीबोळांत जाहिराती लावल्या. आशय असा की विधवांनो, इकडे या, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा इथे ठेवा. १८८४पर्यंत पस्तीस जणी आल्या. सावित्रीबाई त्यांचं सगळं स्वतः बघत. चरित्रकार सांगतात की यशवंतची आई जोतिरावांना भेटली तेव्हा पोटुशी होती आणि नदीत जीव द्यायला निघाली होती. १८७४ साली तो मुलगा जन्मला, या दोघांनी तो दत्तक घेतला आणि पुढे तो डॉक्टर झाला. १८७५ साली पंढरपुरातही प्रार्थना समाजाच्या मंडळींनी असंच गृह काढलं.

याला मानसोपचार म्हणायचं का? मी म्हणणार नाही, ओढूनताणून कशाला? पण औषध सुरू करण्याआधी जखम धुतात, तसं हे होतं. भीतीचं कारण आधी दूर करायचं, दार लावून घ्यायचं, नाव विचारायचं नाही, दोष द्यायचा नाही. आज पुस्तकं उघडून बघितली तर पहिल्या पानावर हेच लिहिलेलं सापडतं.

गंमत म्हणजे त्याच सुमारास, १८५८ साली, पॅरिसमध्ये लुई व्हिक्टर मार्से नावाच्या डॉक्टरने गरोदर आणि बाळंतीण बायकांच्या वेडावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. हा विषय मांडणारा पहिला मोठा ग्रंथ तोच मानतात. त्यानंतर मात्र वैद्यकाची नजर बाळंतपणानंतरच्या आजारावर खिळून राहिली. गरोदरपण म्हणजे आनंदाचा काळ, त्यात बाईला उदासी येत नाही, उलट तिचं रक्षणच होतं, असा समज डॉक्टरांतही बराच काळ होता. नातीच्या हातातला कागदही मुळात बाळंतिणींसाठीच बनला होता. १९८७ साली स्कॉटलंडमध्ये कॉक्स, होल्डन आणि सागोव्स्की या तिघांनी तो तयार केला, म्हणून एडिनबरोचं नाव त्याला चिकटलं. पुढे २००१ साली इंग्लंडातल्या एव्हन भागातल्या नऊ हजारांवर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की उदासीचे गुण बाळंतपणानंतरच्या आठव्या आठवड्यापेक्षा गरोदरपणाच्या बत्तिसाव्या आठवड्यात जास्त होते. म्हणजे आपण सगळे घर सोडून अंगणात शोधत होतो.

आमच्याकडे तर शोधायला कुणाला फुरसतच नव्हती. मिरजेला डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि पुढे दोन-तीन पिढ्या अडलेल्या बायकांना मिरज म्हणजे शेवटचा आधार वाटायचा. बाळ-बाळंतीण दोघं जिवंत घरी आली की देव पावला. त्या दिवसांत मनाची चौकशी कोण करणार? आणि मन म्हटलं की लोकांना आठवायचं ते येरवडा, नाहीतर रत्नागिरी. तिकडे गेलेल्या बाईला सासर राहत नसे, माहेरही नसे. त्यामुळे घरात काही दिसलंच तर नाव वेगळं द्यायचं. पित्त, अशक्तपणा, बाहेरची बाधा, नजर. माझ्या वेळीही नावं देऊन झाली.

आता ते सांगते. घरातल्या बऱ्याच जणांना हे इथेच पहिल्यांदा कळेल.

१९७८ साल. थोरली चार वर्षांची होती आणि मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. सासर सांगलीकडे, नोकरीही तिथेच. पाचव्या महिन्यापासून मला काहीतरी व्हायला लागलं. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. शाळेत फळ्याकडे तोंड करून उभी राहायचे आणि काय लिहायला वळले होते तेच आठवायचं नाही. थोरलीने गळ्यात हात टाकले तरी अंगावर ओझं पडल्यासारखं वाटायचं. आणि सतत एकच, आपण कुणाच्या कामाच्या नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या दिल्या. रक्त कमी होतंच, त्यांची चूक नव्हती. त्यांनी जे बघितलं ते बरोबर बघितलं.

सातव्या महिन्यात माहेरी साताऱ्याला आले, डोहाळजेवणाला. हिरवी साडी, फुलांची वाडी, चांदण्यातली नाही तर झोपाळ्यावरची हौस, सगळं आईने केलं होतं. बायका डोहाळे म्हणत होत्या. मग वाट्यांचा खेळ. दोन झाकलेल्या वाट्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा म्हणजे मुलगा. मी झाकण काढलं तर बर्फी. क्षणभर कुणीच काही बोललं नाही. तो क्षण मला अजून ऐकू येतो. मग एक आत्या म्हणाल्या, "असू दे ग, तिचा हात चुकला. पुन्हा उघड." वाट्या पाठीमागे नेऊन बदलल्या आणि मला दुसऱ्यांदा उघडायला लावलं. पेढा निघाला. सगळ्या हसल्या. फोटोत मीही हसतेय.

घराच्या मागे आड होता. त्या आठवड्यात मी त्याच्या कठड्याशी जरुरीपेक्षा जास्त वेळ उभी राहत असे. एवढंच लिहिते. कागदावरच्या दहाव्या प्रश्नाला माझं उत्तर काय आलं असतं ते कळेल.

गल्लीत एक नर्सबाई राहायच्या. सरकारी दवाखान्यात होत्या, एकट्या. त्यांनी मला आडाशी पाहिलं असणार. दुसऱ्या दिवसापासून दुपारची पाळी संपवून चार वाजता त्या आमच्याकडे यायला लागल्या. घेवडा निवडायला घेऊन बसायच्या. काय होतंय असं त्यांनी कधी विचारलं नाही. विचारायच्या ते असं, "आज काय काय केलंस?" मी म्हणायची, काही नाही. "केस विंचरलेस की." मग कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत त्या मला लिहायला लावायच्या. केस विंचरले. थोरलीला गोष्ट सांगितली. उद्या कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत चालत जायचं, एवढंच, पुढे नाही. परवा तिथून पुढच्या वळणापर्यंत. एकदा मी म्हटलं, मला मुलगीच होणार आणि सगळ्यांचा विरस होणार. त्या म्हणाल्या, "सगळ्यांचा म्हणजे कुणाकुणाचा? नावं सांग." मी बोटं मोजायला लागले तर तीन बोटांवर थांबले. आईलाही त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं होतं की हिला रात्री एकटी झोपवू नका आणि दिवसा धीर धर, धीर धर करत बसू नका. आईने आडावर पत्रा टाकून घेतला, उंदीर पडतात म्हणून. आम्ही दोघींनी त्या उंदरांचा विषय पुढे कधी काढला नाही.

मुलगी झाली. म्हणजे तू, धाकटे. तू हे वाचणार आहेस आणि तुला वाईट वाटणार आहे, म्हणून इथेच सांगते. ते तुझ्यामुळे नव्हतं. तू पोटात लाथ मारायचीस ती दिवसातली एकच गोष्ट मला खरी वाटायची. पूर्ण बरं वाटायला तू रांगायला लागेपर्यंतचा काळ गेला.

नर्सबाईंनी जे केलं त्याला नाव आहे हे मला या दोन महिन्यांत कळलं. मनाच्या आजारावर बोलून उपचार करायच्या पद्धती अमेरिकेत १९६०-७०च्या दशकांत घडत गेल्या. ॲरन बेक यांनी विचारांवर काम करायची पद्धत बसवली. क्लर्मन आणि वाइसमन यांनी माणसामाणसांतल्या नात्यांवर भर देणारी पद्धत मांडली, आणि न्यूयॉर्कमध्ये मार्गारेट स्पिनेली यांनी तीच खास गरोदर बायकांसाठी वापरून २००३ साली तिचा गुण येतो असं दाखवलं. गरोदरपणात गोळ्या घ्यायला बायका बिचकतात, म्हणून बोलण्याच्या उपचाराला इथे महत्त्व. (आजार मोठा असेल तर गोळ्या लागतात आणि मानसोपचारतज्ज्ञ सांभाळून देतात. कुणी माझं वाचून गोळ्या बंद करू नका.) पण हे सगळं शिकलेल्या तज्ज्ञांच्या खोलीत. आपल्या खेड्यापाड्यांत असे तज्ज्ञ कुठून आणायचे?

त्याचं उत्तर मिळालं रावळपिंडीजवळच्या खेड्यांत. तिथे डॉक्टर आतिफ रहमान यांनी गावोगाव फिरणाऱ्या लेडी हेल्थ वर्कर बायकांना, म्हणजे आपल्या आशाताईंसारख्याच, ही पद्धत शिकवली. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत घरी जायचं, चित्रं दाखवत बोलायचं. तीन पायऱ्या. मनात सारखा येणारा घातक विचार ओळखायचा, त्याच्या जागी दुसरा कोणता बसेल ते तिच्याकडूनच काढायचं, आणि पुढच्या भेटीपर्यंत एखादी छोटी कृती करून बघायची. बोलायचे विषयही तीन. तिची स्वतःची तब्येत, बाळाशी नातं, घरच्यांशी नातं. सासूला वगळायचं नाही, सोबत घ्यायचं. एकूण ९०३ बाया. मूल सहा महिन्यांचं झालं तेव्हा नुसत्या नेहमीच्या भेटी मिळालेल्यांत शंभरातल्या ५३ अजून आजारी होत्या, उपचार मिळालेल्यांत २३. हे २००८ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

गोव्यात डॉक्टर विक्रम पटेल आणि 'संगाथ' संस्थेची मंडळी १९९०च्या दशकापासून काम करत होती. त्यांनी याच्याही पुढचं पाऊल टाकलं. आरोग्यसेविका आधीच कामाने वाकलेल्या, मग त्याच वस्तीतल्या साध्या आया का नकोत? अशा बायकांना शिकवून तयार केलं आणि नाव दिलं 'सखी'. नाव किती छान! २०१४ ते २०१६च्या दरम्यान गोव्यातल्या गरोदर बायकांच्या तपासणी केंद्रांतून २८० जणींना अभ्यासात घेतलं, त्यातल्या निम्म्यांकडे सखी गेल्या. सहा ते चौदा भेटी, गरोदरपणापासून मूल सहा महिन्यांचं होईपर्यंत. २०१९ साली निष्कर्ष आले. सखी मिळालेल्यांत शंभरातल्या ७३ सहा महिन्यांनी आजारातून बाहेर आल्या होत्या, न मिळालेल्यांत ६०. फरक रावळपिंडीएवढा मोठा नाही आणि उदासीचे गुण मोजले तर त्यात ठाम फरक दिसला नाही, हेही त्यांनी लिहून ठेवलंय. असं प्रामाणिक लिहिणं मला आवडलं. पण शंभरातल्या तेरा जणी, आणि त्याही शेजारणीच्या हातून.

याच विक्रम पटेलांचा २००२ सालचा एक जुना अभ्यास मात्र मला जास्त रुतला. म्हापशाच्या रुग्णालयातल्या बाळंतिणींचा. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २५२ पैकी ५९ जणी उदासीच्या आजारात होत्या. गरिबी, नवऱ्याशी वाईट संबंध ही कारणं होतीच. ज्यांचं मन गरोदरपणातच खचलेलं होतं त्यांना पुढे धोका जास्त. आणि मुलगी झाली असेल तर घरातली मारहाण आणि पोटाची उपासमार यांचे घाव आणखी खोल जातात, असंही आढळलं. बर्फीची वाटी, दुसरं काय?

इथे आपल्या दोन जिल्ह्यांनी मान खाली घालायला हवी. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, १९८८ साली. तरी २००१च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८५१ मुली होत्या, २०११ साली ८६७. त्याच २०११च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात २८५ मुलींची नावं समारंभाने बदलली. त्या सगळ्यांचं आधीचं नाव होतं नकुशी किंवा नकुसा. माझ्या वर्गातही एक नकुशी होती. हजेरी घेताना मी तिचं नाव जरा हळू उच्चारायची आणि समजायची की मी फार मोठं काही केलं. २०१७च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. ती चौकशी सुरू झाली एका तरुण गरोदर बाईच्या मृत्यूनंतर. पेपरात भ्रूणांवर पानंच्या पानं आली. पोट पाडून घ्यायला त्या बाया पायऱ्या चढून गेल्या तेव्हा त्यांच्या मनात काय होतं, हे कुठल्याच वार्ताहराने लिहिलेलं मला आढळलं नाही.

म्हणून सखी हवीच, पण ती कुणाकुणाकडे पाठवायची हाही प्रश्न आहे. मला विचाराल तर निम्म्या भेटी आत्याबाईंकडे.

बरं झालेलंही सांगायला हवं. बंगळूरच्या निमहान्समध्ये २००९पासून आजारी आई आणि तान्हं मूल एकत्र राहून उपचार घेतील असा कक्ष आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने तीन वर्षांखालचं मूल उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा तोडू नये असं लिहून ठेवलं. येरवड्याला पाठवलेल्या माझ्या आजीच्या पिढीतल्या बायकांना हे ऐकून काय वाटलं असतं कोण जाणे. २०२२पासून टेलिमानस म्हणून सरकारी फोनसेवा आहे, १४४१६. मी स्वतः लावून पाहिला. मराठीत बोलता येतं.

नातीला शेवटी मी उत्तर पाठवलं, "होतं. कागद नव्हता." तिने लगेच फोन केला आणि आम्ही तासभर बोललो. तिच्या समुपदेशक बाईही तिला वहीत लिहायला लावतात म्हणे. गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तोच कागद भरून घेतला. गुण उतरलेत, पण अजून शनिवार चालू ठेवायचे आहेत.

तिचं सासर साताऱ्याचं. पुढच्या रविवारी तिथे डोहाळजेवण आहे. मी तिच्या सासूबाईंना फोन करून सांगितलं की बाकी सगळं करा, तेवढा वाट्यांचा खेळ नको. त्या म्हणाल्या, "अहो, गंमत असते ती." मी म्हटलं, माहीत आहे. शनिवारीच निघते आहे, संध्याकाळपर्यंत पोचेन.